वतनाच्या रुमालातील घरगुती पत्रे

जुन्या घराण्यांनी कागद जपून ठेवले याबद्दल आपण त्यांचे आभार मानतो, ते योग्यच आहे. परंतु ते कागद त्यांनी कशासाठी जपले, हा प्रश्न सहसा विचारीत नाही. इतिहासाच्या आवडीने कागद जपणारा गृहस्थ शंभर घरांत एक निघाला तरी पुष्कळ. बाकीच्यांनी कागद जपले ते जमिनीसाठी. इनामाची सनद, कुलकर्णाचा किंवा जोशीपणाचा हक्क, भाऊबंदांतील वाटणीपत्र, सावकाराच्या फेडीची पावती, यांपैकी एखादा कागद गहाळ झाला तर दोन पिढ्यांनंतर कज्जा उभा राही आणि पुराव्यावाचून हक्क बुडे. म्हणून असे कागद जाड कापडाच्या रुमालात घट्ट बांधून माळ्यावर किंवा देवघराजवळच्या फडताळात ठेवीत. वाळवी, कसर आणि पावसाळा यांच्या तावडीतून जे सुटले, तेच आज आपल्या हाती येते.

या रुमालांत जमिनीच्या कागदांच्या पोटात घरगुती पत्रेही सापडतात. बहुधा ती सहज आलेली असतात. एका पेटीतले सगळे लिखाण एकदमच बांधले गेले, किंवा पत्राच्या कोऱ्या पाठीवर कोणी हिशेब मांडला आणि त्या हिशेबासाठी पत्र राहिले. परंतु काही पत्रे अशी असतात, की ती चुकून राहिली असे म्हणवत नाही. ज्या गोष्टीचा घरात उच्चारही करावयाचा नाही असे ठरलेले, नेमका तिचाच कागद कोणी तरी दुसऱ्या कागदाच्या घडीत घालून जपलेला असतो. गोष्ट लपवावयाची आणि तिचा पुरावा मात्र ठेवावयाचा, या वागण्याचा अर्थ काय, हे कोडे आम्हांस पुष्कळ दिवस पडलेले आहे. त्या संबंधाने दोन दप्तरांची हकीकत येथे सांगावयाची आहे. एक सर्वांच्या माहितीचे, पेशव्यांचे. दुसरे आमच्या घरचे.

पेशव्यांचे दप्तर म्हणजे मराठी मुलखातील सर्वांत मोठा घरचा रुमालच होय. १८१८ साली राज्य गेले आणि दप्तर इंग्रजांच्या हाती आले. त्यांनी ते टाकून दिले नाही, याचे कारणही जमीनच. कोणाचे इनाम खरे, कोणाचे बनावट, हे ठरविण्यासाठी त्यांना जुन्या नोंदी हव्या होत्या, आणि पुढे इनाम कमिशनने याच कागदांच्या आधारे अनेकांची इनामे तपासली. सुमारे पस्तीस हजार दप्तरे अशी पुण्यास बंद पडून राहिली. अभ्यासकांना तेथे मुक्तद्वार नव्हते. सर जदुनाथ सरकार यांनी आग्रह धरला, सरकारने निवडक कागद छापण्याचे ठरविले आणि ते काम गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे आले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी उभी हयात नोकरी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी १९३० ते १९३४ या अवधीत निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर काढले. त्यांतील नववा खंड बाजीराव व त्यांचे कुटुंब याच विषयास वाहिलेला आहे.

हे खंड निघण्यापूर्वी मस्तानीविषयी मराठी वाचकांस काय ठाऊक होते? थोड्या आख्यायिका, पुष्कळसे कुजबुजणे आणि बखरींतील त्रोटक उल्लेख. बखरकारांना लढाया सांगावयाच्या होत्या, धन्याच्या घरातील अप्रिय प्रकार सांगावयाचे नव्हते. १७२९ साली बाजीराव बुंदेलखंडात छत्रसालाच्या साह्यास धावले, महंमदखान बंगषाचा त्यांनी जैतपुरास कोंडमारा केला आणि त्यानंतर मस्तानी त्यांच्या आयुष्यात आली, एवढे सर्वांस माहीत होते. १७३४ साली तिला पुत्र झाला, तो समशेर बहादूर. तिच्यामुळे घरात कलह माजला, हेही लोक सांगत. परंतु कलह म्हणजे प्रत्यक्षात काय झाले, कोणी काय केले आणि करताना त्याच्या मनात काय होते, हे घरच्या पत्रांवाचून कळण्यास मार्ग नव्हता.

ही पत्रे वाचणे सोपे नाही. मोडीचा सराव असला तरी घरगुती पत्राची अडचण निराळी असते. सरकारी कागदावर सन असतो. घरचा माणूस घरच्या माणसास लिहितो तेव्हा 'छ' हे अक्षर घालून मुसलमानी महिन्याचा चंद्र तेवढा टाकतो, आणि वर्ष लिहिण्याचे त्यास कारणच वाटत नाही, कारण वाचणाऱ्यास वर्ष माहीत आहे. नावेही पुष्कळदा नसतात. 'राऊ' म्हटले की बाजीराव, 'आपा' म्हटले की चिमाजी, हे लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास कळते. दोनशे वर्षांनंतरच्या संपादकास ते एकेका उल्लेखावरून जुळवावे लागते. घरात एखादे कार्य निघालेले असले म्हणजे बरे पडते. १७४० च्या फेब्रुवारीच्या ७ तारखेस रघुनाथरावांची मुंज पुण्यास झाली आणि त्याच सुमारास सदाशिवरावांचे लग्नही उरकले. पत्रात मुंजीच्या तयारीचा विषय आला, की ते कोणत्या महिन्यातले हे ठरविता येते. शाळेत मुलांना सनावळी पाठ करावयास लावताना जो कंटाळा येतो तो आम्हांस ठाऊक आहे. पण एका मुंजीच्या तारखेवर एका घराची सबंध शोकांतिका उभी राहते, हे त्यांस दाखविता आले तर तोच विषय त्यांस गोड लागेल, असे आम्हांस वाटते.

ती शोकांतिका थोडक्यात अशी. १७३९ साली वसई घेऊन चिमाजीअप्पा कीर्तीच्या शिखरावर होते. त्या वर्षाच्या अखेरीस बाजीराव नासिरजंगावर गोदावरीच्या बाजूस चालून गेले. ते बाहेर असता जानेवारीच्या अखेरीस नानासाहेबांनी पुण्यात मस्तानीस अटकेत ठेविले. नानासाहेब तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. बापाच्या गैरहजेरीत मुलाने केलेले हे कृत्य चुलत्याच्या संमतीवाचून झालेले नाही, हे पत्रव्यवहारावरून उघड आहे. मुंज-लग्नाचे कार्य तोंडावर होते, ब्राह्मणांचा क्षोभ होईल अशी भीती होती. ही कारणे पत्रांत दिसतात आणि त्या काळी ती लहान नव्हती.

परंतु हे करण्यापूर्वी घरच्या मंडळींनी साताऱ्यास धन्याचे मन चाचपून पाहिले होते, हे पत्रांवाचून कधीच कळले नसते. चिटणीस गोविंदराव यांच्याकडून जे उत्तर आले त्याचा आशय असा, की जबरदस्तीने ताटातूट करणे महाराजांस पसंत नाही, राऊंचे मन दुखवू नये. शाहूमहाराजांविषयी आपली सामान्य कल्पना एका सौम्य, काहीशा आळशी धन्याची असते. येथे तो सौम्यपणा शहाणपणाचा ठरतो. पेशव्यांच्या घरात जो विवेक कोणास सुचला नाही तो छत्रपतींस सुचला होता, आणि घरच्यांनी तो कळूनही मानला नाही. इतकी अडचणीची गोष्ट ज्या पत्रात आहे ते पत्र फाडून टाकावे असे त्या घरात कोणासही वाटले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी मुंगी पैठणास तह झाला. हंडिया व खरगोण हे प्रांत पदरात पडले आणि ते ताब्यात घेण्यास बाजीराव नर्मदेकडे वळले. मार्चमध्ये दोघे बंधू एकमेकांपासून वेगळे झाले. त्या सुमारास चिमाजीअप्पांनी पुतण्यास लिहिलेले एक पत्र आहे. आमच्या मते साऱ्या प्रकरणात याच्या तोडीचा दुसरा कागद नाही. वेगळे झाल्यापासून राऊंचे पत्र आलेले नाही, असे ते लिहितात. त्यांच्या मनाचे समाधान करण्याचा होईल तितका यत्न केला, परंतु ईश्वराचे चित्तात काही निराळेच दिसते. आणि पुण्यास पोचल्यावर तिला त्यांच्याकडे पाठवून द्यावे, असा विचार ते सांगतात. ज्यांच्या संमतीने ती कोंडली गेली, तेच आता तिला पाठवून देण्यास निघाले होते. भाऊ खचत चालला आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. बंदोबस्त करावयाचा म्हणून केला, पण त्याने काय होऊन बसले, हे त्यांस दिसले. वसईचा वेढा चालविणारा पुरुष या पत्रात भांबावलेला आहे.

पाठविणे झाले नाही. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा ज्वराने अंत झाला. काशीबाई व लहान जनार्दन जवळ होते. मस्तानीही त्याच वर्षी गेली. ती कशी गेली याविषयी हिरकणीपासून सहगमनापर्यंत नाना कथा लोक सांगतात; पाबळ येथे तिची कबर आहे एवढे खरे. डिसेंबरात चिमाजीअप्पाही वारले. वर्षाच्या आत तीन माणसे गेली आणि मागे पत्रे राहिली.

मस्तानीच्या स्वतःच्या हातचा एकही कागद या पत्रांत नाही. जिच्याविषयी सारे लिहीत होते, तिने काय म्हटले ते कोणी लिहून ठेविले नाही. पेशव्यांच्या दप्तराचे गुणगान करताना एवढी उणीव पदरात घेतलीच पाहिजे.

तिच्या मुलास मात्र या घराने टाकले नाही. समशेर बहादूर पेशव्यांच्या घरातच वाढला, सरदार झाला, १७६१ साली पानिपतावर लढून जखमी झाला आणि त्याच जखमांनी गेला. त्याचा पुत्र अली बहादूर याने बुंदेलखंडात राज्य मिळविले. १८०२ साली कालिंजरच्या वेढ्यात तो मरण पावला. त्याचे वंशज बांद्याचे नबाब म्हणून प्रसिद्ध झाले. १८५७ च्या धामधुमीत त्या वेळचा नबाब, दुसरा अली बहादूर, इंग्रजांविरुद्ध उठला. त्याची चार लाखांची नेमणूक गेली आणि सालिना ३६ हजार रुपयांवर त्यास आमच्या इंदुरात आणून ठेवण्यात आले. येथेच १८७३ साली तो वारला. रावेरखेडी आमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी. ज्या गोष्टीचा शेवट पुण्यास झाला असे आपण मानतो, तिचे पुढचे धागे माळव्यातून गेले आहेत, हे आमच्या सभासदांपैकी कित्येकांच्या ध्यानात नसेल.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पेशव्यांच्या घरचे गुप्त पत्र म्हटले, की कोणीही 'ध' चा 'मा' केल्याची कथा सांगतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा वध झाला तो आनंदीबाईने 'धरावे'चे 'मारावे' केल्यामुळे, ही कथा लहान मूलही जाणते. पण असा फेरफार केलेला कागद कोणत्याही दप्तरात हाती आलेला नाही. जे पत्र नाही ते सर्वांस पाठ आहे. आणि चिमाजीअप्पांचे जे पत्र छापलेले आहे ते किती जणांनी वाचले असेल? आमच्या शिक्षकबंधूंस हे विचारण्याचा अधिकार आम्हांस आहे, कारण वयाच्या चाळिशीपर्यंत आम्हीही ते वाचलेले नव्हते.

या कामात शिक्षकांनी मागे राहावे असे मुळीच नाही. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवीत. पटवर्धनांच्या घरचे कागद त्यांच्या दृष्टीस पडले, आणि शाळेचे काम सांभाळून त्यांनी १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढावयास आरंभ केला, तो १९२४ साली देह ठेवीपर्यंत चालविला. पटवर्धनांच्या घरातील रुसवेफुगवे, कर्जे, आजार, वाटणीची भांडणे हे सर्व त्यांनी लढायांच्या बातम्यांबरोबरच छापले. घरचे म्हणून वगळले नाही.

आता आमच्या रुमालाकडे येऊ. ते सांगणे थोडे संकोचाचे आहे.

आमचे पणजोबा होळकर दरबारात कारकून होते. मूळ गावाकडील एका लहानशा इनामाचा तंटा त्यांनी आयुष्यभर चालविला, आणि त्याचे कागद एका तांबड्या रुमालात होते. इनाम केव्हाच गेले. रुमाल राहिला. जुने घर विकावयाचे ठरले तेव्हा तो आमच्याकडे आला, कारण कुटुंबात मोडी वाचणारे आम्हीच एक उरलो होतो. कागद लावता लावता एका वाटणीपत्राच्या घडीत तीन पत्रे निघाली.

पणजोबांस एक धाकटी बहीण होती. ती दहाव्या-अकराव्या वर्षी विधवा झाली आणि पुढे काशीयात्रेत पटकीने वारली, असे आमच्या घरात तीन पिढ्या सांगत आले. पहिले पत्र शके १८१६ चे, म्हणजे १८९४ चे आहे, आणि ते देवासहून आलेले आहे. ते तिच्या नवऱ्याच्या हातचे मोडी पत्र असून मजकूर तिचा आहे. तिने पुनर्विवाह केला होता. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झालेला होता. परंतु कायद्याने समाज बदलत नाही. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केले तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. आमचे पणजोबा कर्व्यांच्या पक्षाचे नव्हते. त्यांनी बहिणीचे घटश्राद्ध केले, जिवंत बहिणीस मेलेली ठरविले, आणि काशीची गोष्ट रचली. हे त्या पत्रातच आहे; आपले घटश्राद्ध झाले हे ऐकले, असे ती लिहिते, आणि लगेच आईच्या डोळ्यांस आता कसे आहे ते विचारते. पैसा मागत नाही. घरी येण्याचेही म्हणत नाही. ओंकारेश्वरास किंवा कोणत्याही देवळात आईस दुरून पाहता येईल काय, एवढेच विचारते.

दुसरे पत्र तीन वर्षांनंतरचे. मुलगा झाल्याचे त्यात कळविले आहे, आणि पुन्हा आईची विचारपूस आहे. या दोन्ही पत्रांच्या पाठीवर पणजोबांनी दरबारी सवयीप्रमाणे एकच शब्द व मिती लिहिली आहे: 'पावले'.

तिसरे पत्र शके १८२३ चे असून ते बाळबोध लिपीत, मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत आहे. नवऱ्याने तिला लिहावयास शिकविले असले पाहिजे. अक्षरे अलीकडे शिकलेल्या माणसाची आहेत, हे शाळामास्तरास ओळखता येते. आई वारल्याचे एका महिन्याने परक्यांकडून कळले, कळले त्या दिवशी स्नान करून तीन दिवसांचे सुतक पाळले, असे ती थोरल्या भावास कळविते. बाकी काही नाही. तिच्या हातचे म्हणून जे काही जगात उरले असेल ते या बारा ओळी.

आमचे चुलते ऐंशीच्या पुढचे आहेत. आम्ही त्यांस पत्रे दाखविली तेव्हा ते म्हणाले, "वाचलीस ना? झाले. आता परत बांधून ठेव." त्यांचा राग रास्त होता. पणजोबांस त्यांनी लहानपणी पाहिले नसले, तरी त्यांच्या नावाचा मान घरात अजून आहे, आणि जिवंत बहिणीचे श्राद्ध घालणारा माणूस म्हणून त्यांचे नाव निघावे हे कोणास आवडेल? आम्ही पत्रे बांधून ठेविली. महिना-दीड महिना गेला, आणि एके दिवशी त्यांनीच तिसरे पत्र वाचून दाखविण्यास सांगितले. वाचून झाल्यावर त्यांनी आईच्या मृत्यूची तिथी पुन्हा विचारली. ती तिथी आमच्या घरात आजही पाळली जाते. तिथी जुळली. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहायचे तर लिही. कोणाचे नाव घालू नकोस." म्हणून येथे नावे नाहीत.

चिमाजीअप्पांचे पत्र आणि आमच्या पणजोबांचा रुमाल यांची तुलना करणे धाडसाचे आहे, हे आम्ही जाणतो. तरी कोड्याचा उलगडा आम्हांस तेथेच सापडला. गुपित लपविणारा आणि पत्र जपणारा हे दोघे निराळे असतील अशी आमची समजूत होती; काही तरी हळव्या मनाच्या बाईने चोरून कागद ठेविला असेल, असे वाटे. परंतु ज्या वाटणीपत्राच्या घडीत ही पत्रे होती, ते पणजोबांखेरीज दुसरे कोणी हाताळीत नसे. घटश्राद्ध त्यांनीच केले, खोटी गोष्ट त्यांनीच रचली, आणि सर्वांत महत्त्वाच्या कागदात पत्रेही त्यांनीच ठेविली. कृत्य झाल्यावर माणसाचे मन तेथेच थांबत नाही. लोकांत त्यास ते बोलून दाखविता येत नाही, कागदावर मात्र त्याचा माग राहतो. कृत्य तेवढे सांगून इतिहास थांबला तर नानासाहेब व चिमाजीअप्पा कठोर ठरतात आणि आमचे पणजोबा निर्दय. ते कठोर होतेच, निर्दयही होते. त्याचे मार्जन पत्रांनी होत नाही. पण पुण्यास पोचल्यावर तिला पाठवून द्यावे, हे वाक्यही त्याच हाताने लिहिलेले आहे.

तिसऱ्या पत्राच्या पाठीवर 'पावले' या शब्दापुढे आणखी दोन शब्द आहेत: 'उत्तर रवाना'. मिती चार दिवसांनंतरची आहे.

ते उत्तर अर्थात आमच्या रुमालात नाही. ते देवासला गेले. तिच्या मुलाचे पुढे काय झाले, ते कुटुंब तेथेच राहिले किंवा उज्जैन, ग्वाल्हेरकडे गेले, याचा शोध आम्ही दोन वर्षे करीत आहोत. नवरा शाळाखात्यात असावा, असे दुसऱ्या पत्रातील एका उल्लेखावरून वाटते. माळव्यातील वाचकांपैकी कोणाच्या घरी, इंदूरहून शके १८२३ च्या भाद्रपदात गेलेले, थोरल्या भावाने बहिणीस लिहिलेले मोडी पत्र जुन्या कागदांत असेल, तर त्याची नक्कल आम्हांस मिळावी. अक्षर उजवीकडे कललेले आहे आणि 'र'चा फाटा लांब ओढण्याची लिहिणाऱ्यास सवय आहे.